जुनी टेप, नवी रेकॉर्ड

मागच्या अंकात मी ओघात लिहून गेले की साठ-सत्तरच्या दशकांतल्या अमेरिकन सोल संगीताच्या रेकॉर्डी आता पुन्हा छापून येतात, आणि निवृत्तीनंतर माझा बराचसा वेळ त्यांच्याच संगतीत जातो. त्या एका वाक्यावर इतकी पत्रं येतील असं वाटलं नव्हतं. त्यामुळे रेडिओची एरियल, कॅसेटचे बेल्ट आणि हेडफोन यांचे प्रश्न पुढच्या महिन्यावर ढकलते. ज्यांनी सोल हा शब्दच पहिल्यांदा वाचला त्यांच्यासाठी थोडक्यात: चर्चमध्ये भक्तिगीत गायची जी रीत होती, ती कृष्णवर्णीय गायकांनी प्रेमाच्या, विरहाच्या आणि मानाने जगण्याच्या गाण्यांत आणली, ते सोल. आता पत्रं.

प्रश्न: ताई, मी विजयनगरला राहतो, आयटीत आहे, वय २६. पहिल्या बोनसमधून प्लेअर घेतला आणि मार्विन गेच्या 'व्हॉट्स गोइंग ऑन' या अल्बमची नवी रेकॉर्ड मागवली. बाबांनी किंमत पाहिली आणि म्हणाले, "हीच गाणी फोनवर फुकट वाजतात, तीन हजार घालवलेस." शिवाय याच अल्बमच्या चार-पाच आवृत्त्या दिसतात. मी बरोबर घेतली का? आणि बाबांना काय सांगू?

उत्तर: बाबांना सांगू काहीच नकोस, ऐकव. (तुला तू म्हटलं तर चालेल ना? माझा भाचा तुझ्याहून मोठा आहे.) रविवारी पोहे-जिलबी आटोपली की त्यांना दोन्ही स्पीकरच्या समोर, मधोमध बसव, दोघांचेही फोन स्वयंपाकघरात ठेव आणि पहिली बाजू सुरुवातीपासून शेवटपर्यंत वाजू दे. त्या बाजूवर सहा गाणी आहेत. एक संपलं, शांतता झाली, मग दुसरं लागलं, असं तिथे होत नाही. एकातून दुसरं उगवतं. फोनवर तेवढ्यात जाहिरात येते, नाहीतर कोणाचा तरी मेसेज. तू पैसे दिलेस ते त्या अखंडपणाचे.

ही रेकॉर्ड आमच्या घरी १९७३ साली आली. माझे धाकटे मामा इंजिनिअर होऊन १९६९ मध्ये डेट्रॉइटला गेले होते, मोटारींच्या कारखान्यात. चार वर्षांनी इंदूरला, रामबागेतल्या घरी आले तेव्हा बॅगेतून आजीसाठी शाल निघाली, माझ्यासाठी फाउंटन पेन, आणि तीन एलपी. ज्या शहरात मामा मोटारी करत होते त्याच शहरात, वेस्ट ग्रँड बुलेव्हार्डवरच्या एका साध्या घरात मोटाउनचा, म्हणजे मार्विन गेच्या रेकॉर्डी काढणाऱ्या कंपनीचा, स्टुडिओ होता. गॅरेजचाच स्टुडिओ केलेला. मामा त्या रस्त्याने कितीदा तरी गेले होते.

कव्हरवर मार्विन गे काळ्या रेनकोटची कॉलर उभी करून उभा आहे, केसांवर पाण्याचे थेंब. आजीने ते हातात घेतलं, बराच वेळ पाहिलं आणि विचारलं, "ह्याच्या घरचं कोणी गेलंय का रे?" मामा गप्पच झाले. टॅमी टेरेल, जिच्याबरोबर त्याने कितीतरी युगुलगीतं गायली, ती मेंदूतल्या गाठीमुळे १९७० च्या मार्चमध्ये गेली होती, अवघी चोवीस वर्षांची. भाऊ व्हिएतनामच्या लढाईवरून परत आला होता आणि तिथलं जे सांगत होता ते ऐकून मार्विन आतून हलला होता. त्यानंतरचा हा अल्बम. आजीला इंग्रजीचं अक्षर येत नव्हतं, आणि तिने ते ओळखलं. रेकॉर्ड कशी ऐकायची हे मी तिच्या त्या प्रश्नापासून शिकले.

आम्ही ती खूप वाजवली. सुई उड्या मारायला लागली की पिकअपवर, म्हणजे सुईच्या दांड्यावर, चार आण्याचं नाणं ठेवायचो. त्या वजनाने खोबणी झिजल्या आणि तळाशी जे काही वाजत होतं ते खरखरीत बुडून गेलं. पुढे मी मालवा हाउसमध्ये, आकाशवाणीच्या तांत्रिक विभागात लागले. २००१ मध्ये या अल्बमची दोन सीडींची नवी आवृत्ती निघाली आणि मामेबहिणीने ती मला पाठवली. रात्रपाळी करून घरी आले, हातपाय धुतले, सीडी लावली, आणि पहिल्याच गाण्यात मला बास गिटार, म्हणजे खालच्या स्वरांची गिटार, ऐकू आली. नुसती धमधम नाही, तिची चाल, तिचं वळण, तिचं थबकणं. अठ्ठावीस वर्षं जे गाणं मला पाठ होतं त्यात आणखी एक माणूस होता.

तो माणूस जेम्स जेमरसन. उजव्या हाताची फक्त तर्जनी तारांवर चालवायचा. या गाण्यासाठी मार्विनने त्याला एका क्लबातून शोधून आणलं, तो खुर्चीत नीट बसण्याच्या स्थितीत नव्हता, म्हणून जमिनीवर पडल्या पडल्या त्याने वाजवलं, असं सांगतात. ठुमरीत सारंगी जशी गाणाऱ्याशी बोलते, तशी ती बास मार्विनशी बोलते. आणि एक गोष्ट बघ: मोटाउनच्या कव्हरवर तोपर्यंत वादकांची नावं छापत नसत. या अल्बमवर ती पहिल्यांदा छापली. नव्या आवृत्तीत ती असतील, बाबांना मोठ्याने वाचून दाखव.

आता आवृत्त्यांचं. अल्बम २१ मे १९७१ रोजी बाजारात आला, पण त्याआधी एप्रिलमध्ये डेट्रॉइटला त्याचं एक मिक्सिंग, म्हणजे वेगवेगळे मुद्रित केलेले आवाज आणि वाद्यं एकत्र मिसळणं, पूर्ण झालं होतं. मार्विनने ते बाजूला ठेवलं आणि लॉस एंजेलिसला जाऊन सगळं पुन्हा मिसळलं. जगाने ऐकलं ते दुसरं. पहिलं २००१ च्या त्या आवृत्तीत मिळतं. माझ्या कानाला डेट्रॉइटच्या मिक्सिंगमध्ये ताल आणि बास अंगाजवळ येतात, लॉस एंजेलिसच्या मिक्सिंगमध्ये आवाज हवेत तरंगतात. तू आधी जगाने ऐकलेलं घे, ते मुरलं की दुसऱ्याकडे वळ.

दोन्हींत एक गंमत कान देऊन ऐक. मार्विन एकटा नाही, दोन मार्विन आहेत. त्याने मुख्य गाणं दोनदा गायलं होतं, निवड करण्यासाठी. इंजिनिअरकडून दोन्ही एकाच वेळी वाजली गेली. मार्विनला ते इतकं आवडलं की तसंच ठेवलं, आणि पुढे तीच त्याची खूण झाली. स्वच्छ रेकॉर्डवर ते दोन आवाज वेगळे काढता येतात, एक पुढे धावतो, दुसरा त्याला मागे ओढतो.

बरोबर घेतलीस का, हे ठरवायची माझी रीत सांगते. पाकिटावर किंवा स्टिकरवर आवाज कुठून घेतला ते लिहिलं आहे का बघ. मूळ मास्टर टेपवरून, म्हणजे स्टुडिओतल्या पक्क्या टेपवरून, असं स्पष्ट लिहिलं असेल आणि रेकॉर्ड कापणाऱ्या, म्हणजे टेपवरचा आवाज खोबणीत कोरणाऱ्या, इंजिनिअरचं नाव दिलं असेल तर निर्धास्त राहा. आपलं नाव घालणारा माणूस हात राखून काम करत नाही. नुसतं 'रीमास्टर्ड' या शब्दाला मी भुलत नाही. पुष्कळदा त्याचा अर्थ एवढाच असतो की हलके स्वर वर उचलले, मोठे दाबले आणि सगळं एका पट्टीत मोठं केलं. आमच्या कंट्रोल रूममधल्या मीटरचा काटा अशा वेळी लाल रेघेशी चिकटून बसायचा. दोन आवृत्त्या शेजारी लावल्या तर जी मोठ्याने वाजते ती पहिल्या मिनिटाला चांगली वाटते, सगळ्यांनाच वाटते. म्हणून मोठी असेल तिचा आवाज कमी करून दोन्ही सारख्या कर आणि मग ठरव. जिच्यात मार्विनचा श्वास आणि मागच्या लोकांच्या गप्पा ऐकू येतील ती ठेव.

शेवटचं. तुझा प्लेअर सूटकेससारखा, स्पीकर आतच असलेला असेल, तर त्याची सुई साधारण पाच ग्रॅम भाराने रेकॉर्डवर बसते. चांगल्या मॅग्नेटिक कार्ट्रिजला (सुई बसवलेल्या डबीला) दोन ग्रॅमच्या आसपास पुरतो. पुढच्या बोनसमधून रेकॉर्ड घेऊ नकोस, प्लेअर बदल. चार आण्याच्या नाण्याचा अनुभव मी घेतलेला आहे.

प्रश्न: १८० ग्रॅमची रेकॉर्ड म्हणजे आवाज जास्त चांगला, हे खरं का? (एक वाचक, सुदामानगर)

उत्तर: नाही. जाड रेकॉर्ड वाकण्याची भीती थोडी कमी, इतकंच. आवाज टेपमध्ये असतो, कापणाऱ्याच्या हातात असतो आणि छापखान्यात किती काळजी घेतली त्यात असतो. सत्तरच्या दशकातल्या उत्तमोत्तम रेकॉर्डी वजनाला याहून बऱ्याच हलक्या आहेत.

प्रश्न: नमस्कार ताई. मी राजेंद्रनगरची, आमचं बायकांचं भजनी मंडळ आहे. मुलगी न्यू जर्सीला असते, तिने अरेथा फ्रँकलिनची 'अमेझिंग ग्रेस' ही रेकॉर्ड पाठवली. चर्चमधली गाणी आहेत म्हणते. मला त्यातले शब्द कळत नाहीत, तरी एका गाण्याला डोळ्यांत पाणी आलं. हे मंडळात ऐकवलं तर चालेल का? ऐकवावं कसं?

उत्तर: अहो, चालेल काय, तुम्ही ऐकवाच. तुमच्या मंडळाला ती जितकी कळेल तितकी आमच्यासारख्या मशीनवाल्यांनासुद्धा कळत नाही.

१९७२ च्या जानेवारीत, १३ आणि १४ तारखेला, अरेथा लॉस एंजेलिसच्या एका बॅप्टिस्ट चर्चमध्ये सलग दोन रात्री गायली. वय २९. तेव्हा ती सोलची राणी होती, तिला कुठलाही मोठा स्टुडिओ मिळाला असता. पण ती डेट्रॉइटच्या एका नामांकित धर्मोपदेशकाची मुलगी, लहानपणापासून वडिलांच्या चर्चमध्ये गाणारी, आणि तिला पुन्हा समोर भाविक बसलेले हवे होते. पियानोवर रेव्हरंड जेम्स क्लीव्हलंड, तिला लहानपणापासून ओळखणारे. त्यांच्या मागे साठ-सत्तरच्या दशकांतले नावाजलेले वादक आणि एक मोठा गायकसंघ.

ऐकवायचं असं. पहिल्यांदा मंडळाला सांगा की तो गायकसंघ म्हणजे कीर्तनातले झिलकरी समजा. बुवांनी चरण टाकला की झिलकरी जसा उचलतात, बुवा त्यावर आणखी चढतात आणि श्रोत्यांतून कोणीतरी "वाहवा" म्हणतं, तेच इथे चाललं आहे. श्रोते मधेच ओरडतात, टाळ्या धरतात. तो गोंगाट नाही, तो गाण्याचाच भाग आहे. जुन्या, झिजलेल्या रेकॉर्डवर हे लोक एका ढगासारखे मागे असतात. चांगल्या नव्या आवृत्तीत ते जागच्या जागी बसलेले कळतात, कोण डावीकडे, कोण मागच्या बाकावर. माझ्यासाठी नव्या आवृत्तीचं सगळ्यात मोठं देणं ते आहे.

ज्या गाण्याला तुम्हाला पाणी आलं ते बहुधा शीर्षकगीतच असावं. ते दहा मिनिटांहून जास्त चालतं आणि तेवढ्या वेळात शब्द अगदी थोडे. एकेक अक्षर ती आलापासारखं लांबवते. गीत अठराव्या शतकातलं, जॉन न्यूटन नावाच्या पाद्र्याचं. हा माणूस तरुणपणी गुलामांची वाहतूक करणाऱ्या जहाजांवर होता, पुढे पाद्री झाला. अर्थ सांगायला तुम्हाला 'पतितपावन' हा एकच शब्द पुरेल. आणि गुलाम म्हणून जहाजांतून आणलेल्यांच्या वंशातली एक मुलगी ते गीत अशी गाते, हे मंडळाला जरूर सांगा. मग गाणं लावा आणि नंतर काही बोलू नका.

त्या दोन रात्रींचं चित्रीकरणही झालं होतं, सिनेदिग्दर्शक सिडनी पोलॅक यांनी केलं. पण प्रत्येक शॉटच्या सुरुवातीला पाटी वाजवायची राहिली, त्यामुळे चित्र आणि आवाज जुळेचनात. सिनेमा तयार होऊन लोकांपुढे यायला २०१८ साल उजाडलं. आवाजाच्या टेपा मात्र पहिल्या दिवसापासून ठीक होत्या. मी आयुष्यभर ध्वनिमुद्रणात काम केलं, ही हकिकत वाचून माझ्या छातीत धस्स झालं होतं. त्या सिनेमात क्लीव्हलंड शीर्षकगीत चालू असताना डोळ्यांना रुमाल लावून बसलेले दिसतात.

मुलीला एक निरोप द्या. १९७२ च्या मूळ दोन रेकॉर्डींत दोन्ही रात्रींतली निवडक गाणी आहेत. १९९९ मध्ये दोन्ही रात्री सलग ऐकता येतील असा संच निघाला. तिने पाठवलेला पहिला असेल तर दिवाळीला दुसरा मागवा. मैफल कशी तापत गेली ते त्यातच कळतं.

प्रश्न: सोल गायक ओटिस रेडिंगच्या 'ओटिस ब्लू'चा नवा संच माझ्या हाती आला. त्यात तोच अल्बम दोनदा आहे, एकदा मोनो, एकदा स्टिरिओ. मोनो म्हणजे जुनं आणि अपुरं ना? मग ते परत का छापलं? आणि ओटिसच्या रेकॉर्डी एका कंपनीकडून निघतात, त्याच स्टुडिओतल्या नंतरच्या गायकांच्या दुसऱ्या कंपनीकडून, हे कसं? (एक निवृत्त वाचक, महू)

उत्तर: मोनो अपुरं नाही, साहेब. मोनोत सगळा आवाज एकत्र असतो, स्टिरिओत डाव्या-उजव्या स्पीकरला वाटलेला. १९६५ मध्ये मुख्य काम मोनोचंच असायचं. लोक गाणं एका स्पीकरच्या रेडिओवर, मोटारीत किंवा छोट्या प्लेअरवर ऐकत. इंजिनिअर आणि वादक आपलं सगळं कसब त्या एका स्पीकरसाठी पणाला लावत. आमच्याकडेही अनेक वर्षं तसंच होतं. मोनो रेकॉर्डिंगला बसलं की तबला किती आणि आवाज किती हे मायक्रोफोनसमोर बसतानाच ठरवावं लागायचं, नंतर दुरुस्त करायची सोय नाही. त्यातून जो एकजीव ठोसा येतो, तो ओटिसच्या आवाजाला शोभतो. स्टिरिओत बँड दोन्ही बाजूंना वाटला जातो, वादक वेगळे कळतात, पण ती मूठ सैल होते. अभ्यासाला स्टिरिओ ठेवा, ऐकायला मोनो.

दोन्हींत एक फरक शोधा. 'आय हॅव बीन लव्हिंग यू टू लाँग' हे गाणं आधी मोनोत झालेलं होतं. जुलैमध्ये अल्बम स्टिरिओत करताना ते पुन्हा गायलं गेलं. म्हणजे एकाच माणसाने काही महिन्यांच्या अंतराने काढलेला तोच उसासा. दोन्ही एकामागून एक लावून बघा, माझी एक दुपार त्यात गेली.

ओटिस जिथे गायला तो स्टुडिओही समजून घेण्यासारखा आहे. मेम्फिसमध्ये मॅक्लेमोर अव्हेन्यूवर कॅपिटल नावाचं बंद पडलेलं सिनेमागृह होतं. जिम स्टुअर्ट आणि त्यांची बहीण एस्टेल ॲक्स्टन यांनी ते १९६० मध्ये भाड्याने घेतलं. दोघांच्या आडनावांची पहिली दोन-दोन अक्षरं जोडून नाव झालं स्टॅक्स. खाऊ विकायच्या काउंटरच्या जागी एस्टेलनी रेकॉर्डींचं दुकान मांडलं. पडद्यासमोरची जमीन मात्र उतरतीच राहिली. आपल्या इंदूरच्या यशवंत टॉकीज किंवा रीगलमध्ये बसलेल्यांना तो उतार आठवेल. जमीन आणि छत समांतर नसलं की आवाज दोहोंमध्ये अडकून घुमत नाही, त्याला वेगळीच धार येते. दुसऱ्या कुठल्याही स्टुडिओत ओटिसचे ब्रास (ट्रम्पेटसारखी पितळी वाद्यं) इतके उघडे आणि इतके जवळ वाजले नसते असं माझं मत आहे.

ड्रमवर अल जॅक्सन आहे. त्याची थाप कणभर उशिरा पडते. चुकून नव्हे. १९६५ च्या मे महिन्यात विल्सन पिकेट या गायकाचं गाणं इथे मुद्रित होत असताना अटलांटिक या रेकॉर्ड कंपनीचे जेरी वेक्सलर काचेमागून उठून आले आणि तेव्हाचा एक नाच करून दाखवू लागले, की पोरं या ठोक्यावर अशी झुकतात. वादकांनी ठोका त्या झुकण्याला जुळवला. दोन महिन्यांनी 'ओटिस ब्लू' झाला, जवळजवळ सगळाच्या सगळा एका दिवस-रात्रीत, मधे वादक आपापल्या रात्रीच्या कार्यक्रमांना जाऊन आले एवढाच खंड. याच अल्बममध्ये ओटिसने स्वतः रचलेलं 'रिस्पेक्ट' आहे. दोन वर्षांनी तेच गाऊन अरेथाने जग जिंकलं.

कंपनीचं उत्तर कडू आहे. स्टॅक्सच्या रेकॉर्डी देशभर पोचवायचं काम अटलांटिककडे होतं. त्या कराराच्या कागदात एक कलम होतं, आणि त्यानुसार तोवरच्या मास्टर टेपांची मालकी अटलांटिकची होती. स्टॅक्सवाल्यांना ते कळलं १९६८ मध्ये. त्याच्या काही महिने आधी, १० डिसेंबर १९६७ रोजी, विमान तळ्यात कोसळून ओटिस गेला होता, वय २६. त्याच्याबरोबर बार-केज या बँडची चार तरुण मुलं. गायक गेला आणि त्याच्या टेपाही गेल्या. म्हणून आज ओटिसच्या नव्या आवृत्त्या अटलांटिकच्या घराण्यातून येतात आणि १९६८ नंतरचं स्टॅक्स दुसरीकडून.

प्रश्न: बाई, मी लष्कर, ग्वाल्हेरचा. सत्तर वर्षं ख्याल ऐकतो आहे. आपल्या सदराचा आदर आहे, पण तीन-तीन मिनिटांच्या या गाण्यांत आपल्यासारख्या जाणकाराला काय सापडतं, मला समजत नाही. स्पष्ट लिहिल्याबद्दल राग नसावा.

उत्तर: राग कसला, तुमच्या गावाने ख्यालाला घर दिलं. तुम्हाला वडिलकीचा मान देऊन एक विनंती करते: स्टॅक्सचाच गायक आयझॅक हेज, त्याचा 'हॉट बटर्ड सोल' ऐका. १९६९ चा. अल्बममध्ये गाणी फक्त चार.

वरच्या उत्तरात टेपा गेल्याचं लिहिलं. स्टॅक्सजवळ विकायला जुना माल उरलाच नाही, तेव्हा कंपनीचे कर्तेधर्ते अल बेल यांनी ठरवलं की १९६९ मध्ये एका दमात सत्तावीस अल्बम काढायचे. इतके करायचे म्हटल्यावर आयझॅक हेजला मनाप्रमाणे एक करू दिला. साथीला बार-केज, तेच नाव. एक मुलगा अपघातातून वाचला होता, एक त्या दिवशी दुसऱ्या विमानात होता. त्या दोघांनी बँड पुन्हा उभा केला होता.

त्यातलं शेवटचं गाणं 'बाय द टाइम आय गेट टू फीनिक्स'. दुसऱ्या गायकाने ते पूर्वी तीन मिनिटांच्या आत गाऊन गाजवलं होतं. हेज त्याला अठरा मिनिटांहून जास्त घेतो. ऑर्गनचा एकच स्वर धरलेला, झांजेवर हलका ठोका, आणि तो बोलतोय. हा माणूस बायकोला सोडून का निघाला, त्याआधी किती वेळा परतला, सगळी हकिकत. गाण्याची पहिली ओळ यायला आठेक मिनिटं लागतात. ही रीत त्याला मेम्फिसच्या एका क्लबात सापडली. लोक गप्पा मारत होते, म्हणून त्याने स्वर धरायला सांगितला आणि लोकांशी बोलू लागला. लोक गप्प झाले.

मी इंदूरची. आमच्या घरी उस्ताद अमीर खाँसाहेबांची ती एलपी होती, एका बाजूला मारवा, दुसऱ्या बाजूला दरबारी. घाई न करणं ही केवढी ताकद आहे हे मी त्या मारव्यात ऐकलं. सम येईल याची खात्री असलेला माणूसच इतका सावकाश चालू शकतो. हेजमध्ये राग नाही, बढत नाही, स्वरांचा तो विचार नाही. दोन्ही एकच आहेत असं मी म्हणणार नाही, तुम्हीही म्हणू देणार नाही. पण तानपुऱ्यासारखा धरलेला स्वर आहे, आणि त्याच्यासमोर एक माणूस वेळेला न भिता बसला आहे. ते तुम्ही पाच मिनिटांत ओळखाल. रात्री ऐका, सकाळी नको.

प्रश्न: वडिलांनी मुंबईहून आणलेली स्टीव्ही वंडरची 'साँग्ज इन द की ऑफ लाइफ' माळ्यावर सापडली. दोन पावसाळे पेटी उघडली नव्हती, रेकॉर्डींवर पांढरी बुरशी आहे. टाकून नवी घेऊ का? (एक वाचक, तिलकनगर)

उत्तर: टाकू नका. नवी जरूर घ्या, रोज वाजवायला, पण आधी ही धुऊन घ्या. बुरशी घरात झटकायची नाही. नाकाला फडकं बांधा, गच्चीवर जा आणि मऊ ब्रशने काढा. बॅटरीच्या दुकानात मिळतं ते डिस्टिल्ड वॉटर आणा, त्यात भांडी घासायच्या द्रव साबणाचे दोन-तीन थेंब. मऊ कापडाने खोबणींच्या दिशेने गोल पुसा, मधलं लेबल कोरडं ठेवा. मग नुसत्या डिस्टिल्ड पाण्याने पुन्हा पुसा आणि भांड्यांच्या स्टँडमध्ये उभी ठेवून सावलीत वाळवा. ऊन लागलं तर वाकते. आतलं कागदी पाकीट फेकून नवं घाला, बुरशी त्यातच राहते. आणि पेटीत जुन्या लाखेच्या, अठ्ठ्याहत्तर फेऱ्यांच्या रेकॉर्डी असतील तर त्यांना स्पिरिट कधी लावू नका, लाख विरघळते.

आणखी एक. हा अल्बम १९७६ मध्ये आला तेव्हा दोन मोठ्या रेकॉर्डींत मावला नाही. उरलेली चार गाणी एका छोट्या, सात इंची रेकॉर्डवर देऊन ती सोबत घातली होती, आणि गाण्यांच्या शब्दांची पुस्तिका. ती छोटी पुष्कळ घरांत हरवलेली असते. कव्हर धुण्याआधी, नव्हे, पुसण्याआधी, कव्हर धुवायचं नाही, आत खालपर्यंत हात घालून बघा.